पोकळीचे देणे

२०२२ सालच्या पावसाळ्यात, सुमारे सहा आठवड्यांच्या अंतराने, विदर्भात दोन घटना घडल्या. जुलै महिन्यात नागपूरजवळ कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथला राखेचा तलाव फुटला आणि राखेचे पाणी आसपासच्या शेतांत, नाल्यांत पसरले. ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस गावी एक नांदते घर जमिनीत गेले. 'जमिनीत गेले' हा इथे वाक्प्रचार नाही. घर हादरू लागताच माणसे बाहेर धावली म्हणून जीव वाचले. मागे वळून पाहतात तो घराच्या जागी खोल विवर! त्या वस्तीखाली जुन्या काळच्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी होती.

दोन्ही बातम्या वेगवेगळ्या दिवशी आल्या, आपण त्या वेगवेगळ्या वाचल्या आणि वेगवेगळ्याच विसरलो. पण मी उमेदीची सगळी वर्षे बँकेत काढलेला माणूस. एका पानावर जमा आणि समोरच्या पानावर नावे दिसले की दोन्ही पाने एकत्र धरून पाहण्याची सवय निवृत्तीनंतरही जात नाही. एकीकडे राख ठेवायला जागा पुरत नाही म्हणून बांध फुटतो. दुसरीकडे जागा रिकामी राहिली म्हणून घर गिळले जाते. राख आणि पोकळी ही दोन्ही एकाच कोळशाची अपत्ये. तिसरे अपत्य डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही. ते म्हणजे चिमणीतून निघून जाणारा कार्बन डायऑक्साइड.

या तिन्ही भावंडांना पुन्हा एकाच घरात, म्हणजे खाणीतच, नांदवता येईल काय, याचा विचार जगभरातले खाणतज्ज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ गेली काही वर्षे करीत आहेत. राखेत किंवा पोलाद कारखान्यातल्या धातुमळीत कार्बन डायऑक्साइड मुरवायचा, त्याचा दगड करायचा आणि त्या दगडाने खाणीची पोकळी भरून काढायची, अशी ही कल्पना. ऐकायला ती फार गोड वाटते. गोड वाटणाऱ्या प्रस्तावाचा हिशेब आधी मांडावा, ही शिस्त मला नोकरीने लावली. तो हिशेब आज आपण मांडू.

छताखालची वाळू

भूमिगत खाणीत सगळा कोळसा एकदम काढता येत नाही. थरातून आडव्या-उभ्या गल्ल्या खोदत जायचे आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे, ही आपल्याकडची रूढ पद्धत. हे खांब वरचा डोंगराएवढा भार तोलून धरतात. पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त कोळसा असा खांबांच्या रूपाने खालीच राहतो. पुढे त्या खांबांवर नजर जाते. खांब काढले की छत खाली येते. छत आले की वरची जमीन खचते, विहिरी आटतात, भिंतींना तडे जातात. खांब तसेच ठेवले तरी ते अमरपट्टा घेऊन आलेले नसतात. पाण्याने, हवेने, कधी आगीने ते झिजत जातात. खाण बंद होते, कंपनी बदलते, नकाशे गहाळ होतात आणि वर वस्ती वाढते.

यावरचा जुना उपाय म्हणजे वाळूभरण. खाणीतली माणसे त्याला 'सँड स्टोइंग'च म्हणतात. नदीची वाळू पाण्यात कालवून नळांवाटे खाली सोडायची. रिकाम्या जागेच्या तोंडाशी फळ्यांची आडभिंत उभारायची. पाणी झिरपून बाहेर येते, ते पंपाने उपसायचे. वाळू आत घट्ट बसते. इंग्रजांच्या राज्यात, १९३९ साली, यासाठी एक स्वतंत्र कायदाच झाला होता. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवून त्यातून वाळूभरणाला मदत द्यायची, अशी त्याची योजना. दामोदर नदीची वाळू झरिया आणि राणीगंजच्या खाणींत कित्येक दशके जात राहिली. आपल्या नागपूर, भंडारा आणि शेजारच्या बालाघाट पट्ट्यात मॉइलच्या भूमिगत मँगनीज खाणींतही पोकळी वाळूनेच भरण्याची पद्धत आहे.

पोकळी न भरण्याची किंमत केवळ वरच्या घरांनाच मोजावी लागते असे नाही. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत शेजारच्या जुन्या पोकळीत साठलेले पाणी फुटून घुसले आणि ३७५ कामगार बुडाले. रिकामी जागा कधी रिकामी राहत नाही. तिथे पाणी जाते, वायू जातो, आग जाते. झरियात १९१६ साली नोंदली गेलेली जमिनीखालची आग शंभर वर्षे उलटली तरी विझलेली नाही.

नोकरीतली तीन वर्षे मी कोळसापट्ट्यातल्या एका शाखेत काढली. दर महिन्याला निवृत्तिवेतन घ्यायला येणाऱ्यांत एक वृद्ध ओव्हरमन होते. पासबुक भरून होईपर्यंत ते समोरच्या बाकावर बसत आणि खाणीच्या गोष्टी सांगत. छत बोलते, असे ते म्हणत. कोसळण्यापूर्वी ते कुरकुरते आणि जुन्या माणसाला ती कुरकूर कळते. कोणत्या भागात वाळू भरली आणि कोणत्या भागात ती फक्त वहीत भरली, हेही त्यांना पाठ होते. वाळू खरोखर गेली तिथे वर घर बांधून निवांत झोपेन, पण वहीत भरली तिथे शेळीसुद्धा बांधणार नाही, असे त्यांचे मत होते. ते मत मला पुढे पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडले.

आता वाळूच दुर्मीळ झाली आहे. नद्यांची पात्रे खरवडली गेली, घरबांधणीलाच वाळू पुरत नाही, मग खाणीत कोण ओतणार? म्हणून राखेकडे, फुटलेल्या दगडांकडे आणि उरलेल्या गाळाकडे लक्ष वळले. धातूच्या खाणींत एक नवी रीत रुळली आहे. धातू काढून उरलेला बारीक गाळ, थोडे सिमेंट आणि थोडे पाणी यांची दाट लापशी करून ती खाली सोडायची. काही दिवसांत ती आवळून घट्ट होते. राजस्थानात हिंदुस्तान झिंकच्या रामपुरा-आगुचा आणि सिंदेसर खुर्द खाणींत ही पद्धत वापरात आली. कोळसा क्षेत्रातल्या सरकारी कंपनीने हीच वाट धरली ती २०२५ मध्ये. छत्तीसगडमधल्या कोरबा भागातल्या सिंघाली खाणीसाठी त्या वर्षी तसा करार झाला. या लापशीतच कार्बन डायऑक्साइड घालता येईल, अशी नवी सूचना आहे.

चुन्याची गोष्ट

वायूचा दगड कसा होतो, हे समजून घ्यायला प्रयोगशाळेत जायला नको. शाळेत आपण सगळ्यांनी चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली आहे. स्वच्छ निवळी दुधासारखी पांढरी होते. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याला भेटतो आणि त्या दोघांचा चुनखडीचा चुरा होतो. जुन्या वाड्यांच्या भिंतींत नेमके हेच घडले. घाणीत मळलेला चुना भिंतीत गेला, वर्षानुवर्षे हवेतला वायू पीत राहिला आणि हळूहळू पुन्हा दगड झाला. आजही त्या भिंतीत खिळा ठोकताना घाम फुटतो तो त्यामुळे.

म्हणजे कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम मोकळे असेल तर ते कार्बन डायऑक्साइडला पकडते आणि सहजी सोडत नाही. बँकेच्या भाषेत ही मुदत ठेव, आणि मुदत हजारो वर्षांची. पोलाद करताना निघणाऱ्या धातुमळीत चुना भरपूर असतो. वजनाच्या ४० टक्के वा त्याहूनही अधिक. ओलसर धातुमळीच्या भुकटीवरून कारखान्याचा धूर सोडला तर ती त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. वायू आधी शुद्ध करून घ्यायलाच हवा असेही नाही, आणि हा मोठा फायदा आहे. कारण धुरातून वायू वेगळा काढणे हेच या सगळ्या व्यवहारातले महागडे काम. त्यात वीज केंद्राच्या स्वतःच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा खर्ची पडतो.

दुसराही एक फायदा आहे. लोखंडी सळयांच्या काँक्रीटमध्ये कार्बन डायऑक्साइड शिरणे हा रोग समजतात. त्याने काँक्रीटचा अल्कधर्म जातो आणि सळया गंजतात. खाणीच्या भरावात सळयाच नसतात. घरासाठी जो रोग, तो इथे निरुपद्रवी. शिवाय धातुमळीतला मोकळा चुना पाणी पिऊन नंतर फुगतो. वायू पाजला की ही फुगण्याची खोडही बरीच मोडते.

मात्र एक अट. चुना कोठून आला, हे विचारले पाहिजे. चुनखडी भाजून केलेला चुना असेल तर भाजतानाच तेवढा वायू भट्टीतून बाहेर गेलेला असतो. वाड्याच्या भिंतीने जो वायू परत घेतला, तो चुनाभट्टीने आधी सोडलेलाच होता. इकडचे तिकडे केले, शिल्लक शून्य. धातुमळीचे दुखणेही काहीसे हेच, कारण पोलादाच्या भट्टीत चुना घातला जातो तो चुनखडीचाच. पण ती भट्टी पोलादासाठी पेटलेली असते. मळी मागाहून आयती मिळते. तिने परत घेतलेला प्रत्येक किलो हा निदान बुडीत खात्यातली वसुली तरी आहे.

आपल्याकडच्या दगडी कोळशाच्या राखेत मात्र चुना फार थोडा. ती मुख्यतः वाळूची आणि चिकणमातीची चुलत बहीण. तिला कितीही वायू पाजला तरी ती फारसा पिणार नाही. पोकळी भरायला राख उत्तम, वायू साठवायला बेताचीच. राखेबाबत आणखी एक पथ्य पाळावे लागते. तिच्यात जड धातूंचे अंश असतात. ते झिरपून भूजलात जाणार नाहीत, हे आधी तपासून घ्यावे लागते. पोकळी भरली आणि विहीर नासली, तर ती भरपाई नव्हे.

बाराचे चव्वेचाळीस

आता मुख्य हिशेब. आपण कोळसा जाळतो म्हणजे त्यातल्या कार्बनला हवेतला प्राणवायू चिकटवतो. १२ किलो कार्बनला ३२ किलो प्राणवायू मिळून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. कोणत्याही सावकाराने एवढे व्याज लावले नसेल. खाणीतून बारा उचलले आणि फेडायचे चव्वेचाळीस!

एक घनमीटर पोकळीचे उदाहरण घेऊ. तिथून साधारण १४०० किलो कोळसा निघाला. आपल्या कोळशात राख फार, म्हणून त्यात कार्बन ४० टक्के धरू. म्हणजे ५६० किलो. तो जळाला की २००० किलोंच्या वर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आता ही घनमीटरभर जागा निव्वळ, भरीव, शुद्ध चुनखडीने ठासून भरली, तरी त्या दगडात बांधलेला वायू भरतो सुमारे १२०० किलो. म्हणजे देवाने येऊन पोकळी भरली तरी देणे फिटत नाही. माणसाने भरली तर काय होईल? पूर्ण जागा धातुमळीने भरली आणि तिच्यातल्या निम्म्या चुन्याने वायू पकडला, तर २८० किलोंच्या आसपास. लापशीत दहावा हिस्सा धातुमळी असेल तर जेमतेम ३० किलो. दोन हजारांच्या कर्जापोटी तीस रुपयांचा हप्ता!

हे आकडे मी कोणाचा उत्साह घालवण्यासाठी मांडत नाही. पण 'जिथला कार्बन तिथेच परत' असे वाक्य कोणी भाषणात टाकले, तर ऐकणाऱ्याच्या मनात हा एक घनमीटर असावा.

आधी नावे, मग जमा

याहून सूक्ष्म नोंद पुढेच आहे. लापशी आवळायला सिमेंट लागते. एक टन भरावात ४ टक्के, म्हणजे ४० किलो सिमेंट धरले, तर ते तयार करताना ३४ किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. आणि दहावा हिस्सा धातुमळीने शोषला किती? वरच्याच हिशेबाने १६ किलो. म्हणजे जमेपेक्षा नावे दुप्पट. 'वायू साठवणारा भराव' अशी पाटी लावून प्रत्यक्षात आपण वायू वाढवतो आहोत, असेही होऊ शकते.

खरी किल्ली सिमेंट कमी करण्यात आहे. वायू पाजलेल्या धातुमळीने भरावाला पुरेशी ताकद दिली आणि सिमेंट निम्म्यावर आले, तर खर्च १७ किलो, जमा १६. हिशेब जवळजवळ जुळला. सिमेंट आणखी उतरले तर शिल्लक दिसू लागते. कारखान्यांच्या टाकाऊ पदार्थांपासून सिमेंटला पर्याय शोधण्याचे काम म्हणूनच या विषयाचा गाभा आहे. वायू किती कोंबला, यापेक्षा सिमेंट किती वाचले, हा प्रश्न अधिक उपयोगाचा.

मग धुराच्या मोठ्या राशीचे काय? तिची जागा खाणीत नाही, एवढे तर आकडेच सांगतात. मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशाच्या सीमेजवळच्या विंध्याचल वीज केंद्रात २०२२ मध्ये दिवसाला २० टन कार्बन डायऑक्साइड पकडणारा संच बसवण्यात आला. हे केंद्र ४७६० मेगावॉटचे. पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला लाखभर टन वायू सोडेल. जमशेदपूरला टाटा स्टीलने २०२१ मध्ये झोतभट्टीच्या वायूतून दिवसाला ५ टन पकडण्याचा संच उभारला. सुरुवात म्हणून हे ठीक. पण समुद्रातून ओंजळ भरली, इतकेच. देशाचे कोळसा उत्पादन २०२४-२५ या वर्षात १०० कोटी टनांच्या पुढे गेले आहे, आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा उघड्या खाणींतून येतो, जिथे पोकळी भरण्याचा प्रश्नच वेगळा आहे.

भुकेला दगड

धातूच्या काही खाणी मात्र अशा आहेत की तिथला दगडच मुळात कार्बन डायऑक्साइडला भुकेला असतो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात माउंट कीथ ही निकेलची खाण. तिथला खडक मॅग्नेशियमने भरलेला. निकेल काढून उरलेला चुरा वर्षाला एक कोटी टनांहून अधिक. तो उघड्यावर पसरून ठेवलेला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की कोणी काही न करता, निव्वळ ऊन, पाऊस आणि हवेच्या संगतीत, हा चुरा वर्षाला सुमारे ४० हजार टन कार्बन डायऑक्साइड पकडत होता. खाणीच्या स्वतःच्या उत्सर्जनाच्या ११ टक्के! निकेलचा भाव पडल्यावर २०२४ मध्ये ती खाण बंद ठेवण्यात आली, पण तिने शिकवलेला धडा कायम आहे. इथे कॅल्शियम-मॅग्नेशियम चुनखडी भाजून आलेले नाही, निसर्गाने दिलेले आहे. म्हणून जमा झालेला किलो खरोखरच जमा.

यातली मेख अशी की हा चुरा उघड्यावर होता म्हणून त्याला हवा लागली. तोच खाणीत पुरला असता तर भुकेलाच राहिला असता. तेव्हा भराव करायचा असेल तर आधी जमिनीवर त्याला पोटभर वायू पाजायचा आणि मगच खाली सोडायचा. अशा जातीचे खडक आपल्याकडेही आहेत. ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात, जिथून देशाचे जवळजवळ सगळे क्रोमाइट निघते, तिथे ते मोठ्या प्रमाणावर आहेत. आपल्या सिंधुदुर्गात कणकवलीच्या आसपासही क्रोमाइट धरणारे असे खडक थोडेफार सापडतात. झरियाच्या बाबतीत तर भूगोलही अनुकूल आहे. पोलादाचे कारखाने, त्यांची धातुमळी, त्यांचा धूर आणि रिकाम्या खाणी हे सगळे झारखंड-बंगालच्या एकाच पट्ट्यात. वाहतुकीतच डिझेल जाळून नफा घालवायचा नसेल, तर असा शेजार लागतोच.

वायू पुरायचा नाही, दगड पुरायचा

इथे एक तांबडी रेघ ओढली पाहिजे. कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपात खाणीत साठवणे आणि त्याचा दगड करून साठवणे, या दोन गोष्टी अगदी भिन्न. खाणकामगाराला हा वायू नवा नाही. हवेपेक्षा जड म्हणून तो सखल जागी साचतो. पूर्वी दिव्याची ज्योत मंदावली की कामगार मागे फिरत. मोठ्या प्रमाणावर तो काय करू शकतो, हे १९८६ मध्ये आफ्रिकेतल्या कॅमेरूनने पाहिले. न्योस नावाच्या सरोवराच्या तळाशी निसर्गतःच साठलेला वायू एका रात्री उसळून बाहेर आला आणि दऱ्याखोऱ्यांतून वाहत गेला. सतराशेच्या वर माणसे आणि हजारो गुरे झोपेतच गुदमरली.

जुन्या खाणींचे छत तडकलेले, नकाशे अपुरे, आणि वर माणसे राहतात. तिथे वायू कोंडणे म्हणजे छप्पर गळणाऱ्या खोलीत रोकड ठेवणे. म्हणून वायूची रासायनिक गाठ जमिनीवरच बांधून झालेली असावी. दगड झाला तर तो गळत नाही, उसळत नाही. आग लागलेल्या खाणीत काय घडेल, हा प्रश्न तेवढा वेगळा. तप्त जागी चुनखडीसुद्धा पुन्हा वायू सोडते. झरियाच्या पेटलेल्या भागांसाठी हा भराव आग विझवल्यानंतरचाच.

थप्पीच्या पोटात

बँकेत असताना मालाच्या तारणावर कर्जे देत असू आणि महिन्या-दोन महिन्यांनी गोदामाची तपासणी करीत असू. पोत्यांच्या थप्प्या मोजायच्या, लांबी-रुंदी-उंची गुणायची, रजिस्टरवर सही करायची. एकदा एका व्यापाऱ्याच्या गोदामात मी हमालाला थप्पीच्या माथ्यावर चढवले आणि मधली दोन-चार पोती काढायला सांगितली. आत पोतीच नव्हती! बाहेरून भिंतीसारखी रचलेली थप्पी, मध्ये विहीर. चारी बाजूंनी मोजमाप बरोबर येत होते. फक्त माल नव्हता.

खाणीचा भराव हे असेच गोदाम आहे, आणि इथे माथ्यावर चढायचीही सोय नाही. तोंड बंद झाले की आत काय गेले, किती गेले, हे वरून कळत नाही. पूर्वी वाळूभरणाच्या नावाने पैसा जमिनीवरच मुरतो, ही कोळसापट्ट्यातली जुनी तक्रार. आता त्यात कार्बनचे श्रेय मिळणार. भारत सरकारने २०२३ मध्ये कार्बन श्रेयांच्या व्यापाराची योजना अधिसूचित केली आहे. उद्या एखाद्या कंपनीने 'आम्ही इतके टन वायू दगड करून खाणीत ठेवला' म्हणून श्रेय घेतले, ते दुसऱ्या कंपनीने विकत घेतले आणि त्याच्या बळावर आणखी कोळसा जाळला, तर त्या श्रेयामागचा दगड खरोखर तिथे आहे ना, हे पाहणार कोण?

पाहता येते, हे इथे सांगितले पाहिजे. भरावाचा नमुना तापवून त्यातून किती कार्बन डायऑक्साइड सुटतो, हे मोजता येते. त्यावरून आत किती बांधला होता ते कळते. भरलेल्या जागेत छिद्र पाडून गाभा काढता येतो. जमीन खचते आहे का, हे उपग्रहाच्या रडारने वरून टिपता येते. तंत्र आहे. प्रश्न आहे तो तपासणाऱ्याचा पगार कोण देतो, याचा. गोदामाच्या मालकानेच तपासनीस नेमला, तर मधली पोती कोणी काढत नाही.

पहिला हक्क कोणाचा

मग या कल्पनेची किंमत किती? माझ्या मते पुष्कळ आहे. पण ती धुराच्या खात्यात नाही, जमिनीच्या खात्यात आहे. हवामान वाचवणारा उपाय म्हणून तिची जाहिरात झाली तर ती पहिल्याच ताळेबंदाला उघडी पडेल. पण ज्या पोकळ्या पैसा नाही, वाळू नाही, मालक नाही म्हणून पन्नास-शंभर वर्षे तशाच राहिल्या, त्या भरण्यासाठी जर राखेची विल्हेवाट, धातुमळीची विल्हेवाट आणि थोडे कार्बनचे उत्पन्न अशी तीन खाती एकत्र येत असतील, तर ही संधी सोडू नये. एका खात्यावर जो प्रस्ताव मंजूर होत नाही, तो तीन खात्यांवर होऊ शकतो. झरियातल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा सुधारित आराखडा २०२५ मध्ये मंजूर झाला, तो ५९४० कोटी रुपयांचा. खचलेली जमीन किती महाग पडते, याचा अंदाज या एका आकड्यावरून यावा.

फक्त क्रम चुकू नये. जिथे भरायला सोपे आणि श्रेय मिळवायला सोयीचे, तिथे आधी भराव होईल. जिथे वस्तीखाली जुनी, वेडीवाकडी, नकाशात नसलेली पोकळी आहे, तिथे कोणी फिरकणार नाही. हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो. बुडीत कर्जाच्या वसुलीत एक नियम असतो. मालमत्ता विकून पैसे आले की पहिला हक्क कोणाचा, दुसरा कोणाचा, हे आधीच ठरलेले असते. इथेही ते ठरवून टाकावे. पहिला हक्क ज्यांच्या घराखाली पोकळी आहे त्यांचा. दुसरा, ज्यांच्या शेतात राख वाहते त्यांचा. श्रेय विकत घेणारा तिसरा.

त्यासाठी पहिले काम अगदी साधे, कारकुनी स्वरूपाचे आहे. कोणत्या गावाखाली कोणत्या खाणीची पोकळी आहे, ती किती खोल, किती भरलेली, कशाने भरलेली, याची वही तयार करायची आणि ती ग्रामपंचायतीच्या, नगर परिषदेच्या कार्यालयात कोणालाही पाहता येईल अशी ठेवायची. आपल्या खात्यात किती शिल्लक आहे, हे विचारायला खातेदाराला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्या पायांखाली किती शिल्लक आहे, हे विचारायलाही लागू नये.